मागे सोडलेली गरम हवा

मरोळच्या एका पुनर्वसन इमारतीत तळमजल्यावर माझ्या आत्याचं पोळीभाजी आणि तळलेल्या माशांचं दुकान आहे. गेल्या उन्हाळ्यात तिने ओट्याखाली मोठा फ्रीज बसवून घेतला. सुताराने तो असा घट्ट कोंबला की मागे बोट जाईना. दिसायला झकास. पण मशीन दिवसभर गुरगुरायचं, आत थंडावा धरायचा नाही, आणि एका रविवारी मीठमसाला लावून ठेवलेली सगळी सुरमई फेकून द्यावी लागली. आणखी एकदा असं झालं असतं तर दुकान बंदच.

मेकॅनिकने सांगितलं, फ्रीज आतली गरमी बाहेर टाकतो आणि तुम्ही तिची वाट बुजवलीय. एकतर मागच्या भिंतीला भोक पाडून जाळी लावा, नाहीतर पुढची फळी कापा. पुढे म्हणजे आत्या उभी राहते तिथे, थेट तिच्या पायांवर. गरम हवेसाठी भिंतीवरून वर पाइप न्यायला सोसायटीची परवानगी नव्हती. आत्याने माझ्याकडे बघितलं. घरात भाषणं मीच ठोकते, तेव्हा असले निर्णयही माझ्याच गळ्यात.

"मागे काढा ना," मी म्हटलं. "मागे कोण आहे?"

हे मी म्हटलं. गोवंडीच्या कचऱ्यावर पत्रकं लिहिणारी मी. या शहराला सगळी घाण मागे ढकलायची सवय आहे आणि त्या 'मागे' माणसं राहतात, हे ठळक अक्षरांत छापून वाटणारी मी.

मागे बोळ होता. बोळात शेजारच्या इमारतीतल्या मावशींची खिडकी, त्यांच्या खोलीला असलेली एकच. मला माहीत नव्हती असं नाही. त्या क्षणी ती मोजावी असं वाटलंच नाही.

जाळी बसली, फ्रीज गार झाला, आत्या खूष. पुढच्या आठवड्यात मावशी भरदुपारी आमच्या जिन्यात बसलेल्या दिसल्या, वर्तमानपत्राने वारा घेत. घरात बसवत नाही म्हणाल्या. खिडकी उघडली तर वाफ येते, लावली तर जीव कोंडतो. मी जरा चढ्या आवाजातच विचारलं, मग आत्याला बोलला का नाहीत?

"तिचं पोट आहे त्यावर," त्या म्हणाल्या. "आणि मागे कोण आहे, असं तूच विचारलंस ना पोरी. ऐकलं मी. खिडकी उघडीच होती."

आत्याला सांगायला मी लांबलचक तयारी करून गेले. तिने अर्ध्यातच तोडलं. मेकॅनिकला फोन लावून म्हणाली, भोक बुजव आणि पुढून काप.

आता मावशींची खिडकी उघडी असते, मासे ताजे राहतात आणि आत्याचे पाय संध्याकाळपर्यंत सुजतात. मी म्हटलं, रविवारी मी उभी राहते, तू बस. ती हसली. "तू उभी राहशील तर जगाला कोण सुधारणार गं?"

तरी उभी राहिले. खालून येणाऱ्या झोताने थोड्याच वेळात पोटऱ्या भाजल्यासारख्या झाल्या. मी एका पायावरून दुसऱ्यावर भार टाकत होते, ते आत्याने बघितलं.

"सरक गं," ती म्हणाली. "गिऱ्हाईक खोळंबलंय."

मी सरकले.