विहिरीवरचा नंबर

ह्यांच्या पगारात मुंबईची खोली परवडेना, तेव्हा आम्ही कर्जतला घर घेतलं भाड्याने. स्टेशनावरून संसार आणि दोन्ही पोरं बैलगाडीत घालून आलो. तीन खोल्या! पोरं या दारातून त्या दारात धावत सुटली आणि त्यांच्यामागे पदर खोचून मीही. मागे विहीर, शेजारणीची नि आमची मिळून. पहाटे चाळीतल्या नळाच्या सवयीने उठले आणि नंबर लावायला हंडा विहिरीपाशी ठेवून आले. उजाडल्यावर पाहते तर हंड्यामागे एक घागर!

"इथं रांग लागत नाय गं," शेजारीण हसत म्हणाली, "पन तुझा हंडा एकलाच होता, म्हनून माझी घागर लावली मागं."