सुमनच्या नावावरचा दंड

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. मुलीला नाही, दहाव्याला जमलेल्या माणसांना नाही. सुमनला — माझ्या बायकोला — तर नाहीच. तिला जाऊन आठ महिने झाले.

शिक्षण माझं सातवीपर्यंत. तीस वर्षं इथं बहारीनला, तुबलीच्या गॅरेजात गाड्यांखाली गेली. लिहिताना मागंपुढं होईल.

हमद टाउनला आमच्या इमारतीखाली जुन्या कपड्यांची पेटी आहे. त्यातले कपडे पुन्हा वापरात जातात, म्हणून स्वच्छ आणि कोरडेच टाकायचे. भलतं काही टाकलं तर दंड, तसं पेटीवरच लिहिलंय. पेटीची किल्ली सुमनच्या नावावर होती. मोठी पिशवी फटीतून जात नसली की बायका वर यायच्या, "काकू, किल्ली." मग ही उतरायची, एकेक कपडा उलटून बघायची, बटणं लावून घडी घालायची. मी म्हणायचो, फुकटची नोकरी. ती म्हणायची, "तुम्ही बोलू नका. तुमचं तर बनियनसुद्धा घेणार नाहीत तिथं."

गॅरेजातल्या तेलकट फडक्यांसाठी वेगळं पिंप असतं. एकदा ते भरलं आणि न्यायला कुणी आलं नाही. मुकादम म्हणाला, कुठंतरी लाव, यल्ला, चल लवकर. मग मी — गोणी माझ्या गाडीत टाकली, घरी आलो, खिळ्यावरची किल्ली घेतली. सुमन अंघोळीला गेली होती. दुसऱ्या दिवशी पिंप रिकामं झालंही असतं. मला कंटाळा आला होता. दुसरं कारण काय सांगू?

तेल झिरपलं. पेटीतलं सगळं बाद झालं. तपासणीचा साहेब दारात आला, किल्ली कुणाकडं असते विचारलं. मी काय म्हणालो? "कपडा सब मेरा मदाम देखता." कपडे बायकोच बघायची, बोललो ते खरंच होतं. म्हणून तर तोंडातून सहज निघालं.

दंडाचा कागद तिच्या नावानं आला. किल्ली काढून घेतली. दंड मी भरला — आणि वर तिलाच म्हणालो, जाऊ दे, वयानं होतं असं. तिला वाटलं, कुणाचीतरी गोणी आपणच न बघता आत टाकली. "मला दिसलं कसं नाही हो?" किती वेळा विचारलं असेल? मी चहा ढवळत बसायचो.

बायका वर यायच्या थांबल्या. नंतर नंतर ती घरचे धुतलेले कपडेही माझ्या नाकाशी धरायची. "अहो, तेलाचा वास येतोय का बघा. मला आता माझा भरवसा नाही." माझ्या शर्टांना यायचा. रोज गॅरेजात असलेला माणूस मी — येणारच की. तरी मी हुंगायचो आणि नाही म्हणायचो. दोन वर्षं.

दवाखान्यात शेवटी शेवटी मुलगी आली, तेव्हा सुमन तिला म्हणाली, "माझ्या चुकीनं पपांना दंड भरायला लागला." मुलगी म्हणाली, "इट्स ओके, आई." मी पलंगाच्या पायथ्याशी उभा होतो. मला तोंड नव्हतं का?

ती चूक आपली समजूनच सुमन गेली.

मुलीला मराठी वाचता येत नाही, पण ऐकून सगळं कळतं. रोज फोन करते. कालही केला. जेवलात का विचारलं. मी जेवलो म्हणालो आणि फोन ठेवला.