पीठ अडवलं तो दिवस

गटाची बैठक आमच्या घरी असली की मला एका जागी बसवत नाही. दारापर्यंत जाते, परत येते, झाकलेला माठ पुन्हा झाकते. सून म्हणते, "आत्याबाई, बसा ना जरा. तुमच्या फिरण्यानं मले गरगरते." आमच्याकडे सासूला आत्याबाई म्हणतात.

सुनेनं बायकांच्या गटातून कर्ज काढून पिठाची चक्की घेतली. लेक दुसऱ्याची पिकअप चालवतो. डिझेल महागलं तशा फेऱ्या कमी झाल्या, आणि मालक पैसे देतो ते फेरीचेच. तेलाचा डबा घरात येणं बंद झालं, पाकिटं यायला लागली. सिलिंडर संपला की कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्यांवर स्वयंपाक. चक्कीसाठी माझी बाज ओसरीत गेली. गेली तर गेली.

गटातल्या सगळ्या बायका एकमेकींना जामीन असतात. दर आठवड्याला कर्ज देणाऱ्या कंपनीचा वसुलीवाला मोटारसायकलवर येतो, बायका चटईवर बसतात. एकीचाही हप्ता कमी पडला तर कोणी उठायचं नाही, असा नियम.

त्या दिवशी कमी पडला तो आमचा. चक्कीचं वीजबिल थकलं होतं, तार कापायची भाषा झाली होती, म्हणून सुनेनं हप्त्याला ठेवलेले पैसे बिलात भरले. चिखलीचा एक माणूस आदल्या दिवशी चक्की पाहून गेला होता. निम्म्या किमतीत मागत होता. हप्ता चुकला तर सून त्याला हो म्हणणार होती. मी विचारलं, मग घरात रोजचा पैसा कुठून येईल? "मी रोजानं जाईन," ती म्हणाली. बाळंतपणापासून तिची कंबर धड नाही. शेतात निंदायला कोण नेतं तिला?

समोरच्या घरातली बाई गटाची अध्यक्ष आहे. ती सुनेला म्हणाली, "काऊन वं, तुह्या चक्कीवर तं रोज गर्दी असते. पैसा कुठी जाते?"

सून चटईची काडी उपसत बसली. गर्दी होती ती याच बायकांची, आणि उधारीची. "देतो मांगून" म्हणून डबा डोक्यावर घ्यायचा आणि निघायचं. दळणाचे पैसे तोंडावर मागायचे नाहीत आणि पैसे राहिले म्हणून कोणाचं पीठ अडवायचं नाही, अशी आमच्याकडची रीत. पीठ अडवणं म्हणजे चूल अडवणं. त्या वेळीही त्यांचेच डबे आत ओळीनं लागले होते, पीठ अजून गरम होतं.

मी उठले, चक्कीच्या खोलीची कडी घातली आणि तिच्या उंबरठ्यावर बसले.

चटईवरून एक जण म्हणाली, "काकू, उंबरठ्यावर नका बसू. लक्ष्मी येते तिथून."

"येऊ दे. माह्या अंगावरून जाईल."

दोघीतिघी हसल्या. मी म्हटलं, "सारा पैसा पडल्याबिगर उठाचं नाही, हा तुमचा कायदा ना? माहाही तोच. दळणाचे मांगचे पैसे टाका अन् पीठ न्या."

"तुमी कधीपासून वसुलीवाल्या झाल्या?"

"आत्तापासून. पगार नाही भेटत, तेवढाच फरक."

मग हसणं थांबलं. वसुलीवाला घड्याळाकडे पाहत म्हणाला, "आजी, मला पुढच्या गावाला जायचंय."

"बसा. चहा नाही भेटणार, साखर नाही."

समोरची म्हणाली, "घरात पिठाचा कण नाही काकू. लेकरं येतील शाळेतून." मला ते माहीत होतं. म्हणूनच तर तिथं बसले होते.

पदरांच्या गाठी सुटल्या. एकीनं ब्लाउजमधून घामेजलेली नोट काढली. समोरचीकडे काहीच नव्हतं. तिला शेजारणीकडे सगळ्यांसमोर हात पसरावा लागला. माझ्याकडे एकदा पाहिलं तिनं. मी उठले नाही. हप्ता पुरा झाला, तेव्हा कडी काढली. आपापले डबे उचलून बायका निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी एकही डबा आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. सगळ्या स्टँडजवळच्या चक्कीवर जाऊ लागल्या. "हप्ता वाचवला तुमी, गिऱ्हाईक घालवलं," सून म्हणाली. खरंच होतं ते. चिखलीवाल्याचा फोन आला तर तिनं त्याला सोमवारी या म्हणून सांगितलं.

मी समोरच्या घरी गेले. ती चुलीपुढं होती, पाट पुढं केला नाही. मीही माफी मागायला गेले नव्हते. म्हटलं, "पैसे नोको. डब्यातलं वाटीभर पीठ ठेवत जा. माह्या लहानपणी दळणाले धान्यच देत."

"अन् पुन्हा दारात बसल्या तं?"

"तुमी आमच्या दारात बसता. मी काही म्हणते?"

ती हसली नाही. पण संध्याकाळी तिचा डबा आला. तिच्या मागून बाकीच्यांचे आले, एकीचा सोडून. ती अजून स्टँडवरच जाते, जाऊ दे.

पीठ साचलं, पण वसुलीवाला पीठ घेत नाही. म्हणून बाजाराच्या दिवशी अमडापूरला जाऊन बसते. तीन दगड, पऱ्हाट्या, तवा. ज्वारीची भाकरी आणि ठेचा, भाजीवाले उभ्यानं खातात. धुरानं डोळे गेलेच आहेत, आणखी काय जायचं? आलेला पैसा सून हप्त्याला ठेवते.

चिखलीवाला सोमवारी आला होता. सून म्हणाली, "सध्या थांबा." तो म्हणाला, "मी फिरून येईन." येईलच तो, घाईत नव्हता.

आता दुपारी ओसरीत बाजेवर पडते तेव्हा आतून चक्कीची घरघर येते. ती थांबली की मी उठते आणि पाहून येते, दळण संपलं म्हणून थांबली, की कोणी चक्की पाहायला आलं म्हणून.