दोन ओळींचा रेफरन्स

एखाद्याचं काम तुम्ही तीन वर्षं डोळ्यांनी पाहिलंत आणि त्याला गरज असताना गप्प बसलात, तर तो प्रामाणिकपणा की भेकडपणा?

२००३ साली मी रत्नागिरीच्या एका कॉलेजात इतिहास विभागाचा इनचार्ज होतो. रेहाना होडेकर तासिका तत्त्वावर शिकवत, म्हणजे वर्ष संपलं की नोकरी संपली, पुढच्या वर्षी पुन्हा नवी नेमणूक. दुसऱ्या कॉलेजात कायमची जागा निघाली. अर्जासोबत दोन रेफरन्स हवे होते. रेफरन्स म्हणजे उमेदवाराचं काम जवळून पाहिलेल्या माणसाचं बंद पाकिटातलं पत्र. एक त्यांच्या एम.फिल.च्या गाईडनी दिलं. दुसरं त्यांनी माझ्याकडे मागितलं.

"मॅडम, वशिल्याविरुद्ध मी पत्रकं वाटलीत. मीच शिफारस लिहू?"

त्या हसल्या. त्यांचं एम.फिल.च व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या प्राध्यापकांच्या अर्जांवर होतं. "सर, तेव्हा विलायतेत लोक ढीगभर प्रशस्तिपत्रं छापून त्यांची पुस्तिका पाठवायचे. मी एकच मागतेय. आणि खोटं कुठे लिहा म्हणतेय? पाहिलंत ते लिहा."

मी लिहिलं: 'श्रीमती होडेकर यांनी येथे तीन वर्षे अध्यापन केले. त्यांच्याविरुद्ध तक्रार नाही.' सही, शिक्का. मला स्वतःचा अभिमान वाटला.

जागा दुसऱ्याला गेली. पुढे एका सेमिनारला निवड समितीतले प्राध्यापक भेटले.

"काय हो, त्या बाईंचं तुमच्याकडे काय बिनसलं होतं?"

"काहीच नाही. उत्तम शिकवतात."

"मग तसं लिहायचंत की! असं कोरडं पत्र आलं की आम्ही समजतो, हा काहीतरी झाकतोय. तुमचं पाकीट फोडेपर्यंत बाईच पहिल्या होत्या."

एस.टी.च्या संपात होडेकर मॅडम पावस गावाहून आंब्याच्या टेम्पोत बसून आल्या होत्या, तास बुडू नये म्हणून. जहाजावर नोकरीला गेलेल्या आपापल्या आजोबांची पत्रं त्यांनी मुलांना घरून आणायला लावली. मागच्या बाकांवरची पोरं घंटा झाली तरी उठेनात. दारात उभं राहून मी हे पाहिलं होतं. वशिला म्हणजे न पाहिलेलं लिहिणं. मी पाहिलेलं लपवलं.

माफी मागायला फोन केला आणि त्या दोन ओळी सांगितल्या. त्या भावाकडे कुवेतला निघाल्या होत्या, ऑफिसच्या नोकरीवर.

"असं होतं होय पत्र? मी उघडून पाहिलं नव्हतं, सर. तुमचं होतं ना."

त्या पुन्हा वर्गात उभ्या राहिल्या नाहीत.

तुमच्याकडे कुणी असं पत्र मागितलं असेल, तर आजच बसा. त्याचं तुम्ही पाहिलेलं एक तरी काम तपशिलासह लिहा. लिहायचं नसेल, तर तोंडावर नाही म्हणा. तो दुसऱ्या कुणाकडे तरी जाईल.