आईची हिरडी भरून आली

आईला जबड्याच्या हाडात स्क्रूवर बसवलेले दोन कृत्रिम दात होते, आणि त्यांचा तिला कोण अभिमान! गणित शिकवून रिटायर झालेली बाई, पण गंगेकाठच्या पंचगंगा घाटावर ओळखीची कुणी भेटली की आ करून दाखवायची. मग तिचं मणक्याचं हाड दबलं. हाडांच्या डॉक्टरांनी हाडं मजबूत करायची सुई सुरू केली. पाठ सावरली, ती पुन्हा घाटाच्या पायऱ्या चढू लागली. आम्ही खूश.

एका हिवाळ्यात त्या दातांपाशी दुखू लागलं. मी टॉर्च धरून पाहिलं, तर हिरडी फाटून पिवळट हाड उघडं पडलेलं! दातांच्या डॉक्टरीणबाईंनी पाहिलं आणि पहिलाच प्रश्न विचारला, "माताजी, हड्डी की सुई लगती है क्या?"

"लगती है, पर वो तो पीठ के लिए!" आई म्हणाली.

त्यांनी समजावलं : या औषधाने हाडाची झीज थांबते, पण क्वचित कुणाच्या जबड्याचं हाड भरून येईनासं होतं, बसवलेल्या दातांभोवतीसुद्धा. तिथूनच त्यांनी हाडांच्या डॉक्टरांना फोन लावला आणि पुढच्या सुईचं काय करायचं ते दोघांनी मिळून ठरवलं.

मग औषधी गुळण्या, अँटिबायोटिक, मऊ भात. तरीही शेवटी सैल झालेले दोन्ही दात आणि मेलेल्या हाडाचा तुकडा काढावा लागला. आई रडली नाही. "तुकडा दाखवा मला," म्हणाली आणि निरखून पाहत राहिली.

त्यानंतरच्या एका तपासणीला डॉक्टरीणबाई बराच वेळ तोंडात बघत होत्या. आणि एकदम त्या ओरडल्याच, "भर गया! देखिए, पूरा भर गया!"

मी वाकले. गुलाबी, अखंड हिरडी! हाड कुठेच दिसत नव्हतं. मला नाचावंसं वाटलं.

"बघू, मला बघू दे ना गं!" म्हणत आईने आरसा हिसकावूनच घेतला.

परतताना ई-रिक्षात तिचं तोंड थांबेना. ड्रायव्हरलाच विचारलं, "भैया, तुम्हारी अम्मा को हड्डी की सुई लगती है?"

"नहीं तो, माताजी."

"कभी लगे, तो दाँतवाले डॉक्टर को पहले बता देना! समझे?"

तो हसत हो म्हणाला. तिचं समाधान झालं नाही. उतरताना तिने त्याला पुन्हा एकदा बजावलं.