चिखलातल्या तिसऱ्या

कुवेतच्या समुद्राला नावं ठेवण्यात माझ्या शेजाऱ्यांचा हात धरणारा माणूस या देशात नाही. ते रत्नागिरीच्या खाडीकाठचे. शहरातल्या सलवा वस्तीत आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहतात. इथली भरती त्यांना आळशी वाटते आणि लाटा सरकारी. मासळीबाजारात पापलेटाच्या डोळ्यांत डोकावून ते विक्रेत्याला विचारतात, "इसका जनाज़ा कब है?" कुणाकडे जेवायला गेले तरी कालवणाचा वास घेतल्याशिवाय बसत नाहीत. माझ्या बायकोने ते एकदाच हसण्यावारी नेलं.

गेल्या हिवाळ्यात त्यांची पत्नी, आमच्या भाभी, तापातून उठल्या. ताप गेला, पण जाताना भूक घेऊन गेला. त्या पेजेपलीकडे काही घेईनात. काय खावंसं वाटतं विचारलं, की एकच उत्तर : "तिसऱ्या. फ्रीजमधल्या नकोत." म्हणजे खाडीच्या चिखलातले खायचे शिंपले.

मी तेव्हा शहराबाहेरच्या राखीव किनाऱ्यावर पक्षी पाहण्याची परवानगी काढली होती. शेजारी म्हणाले, आम्हीही येतो. त्यांच्या हातात पिशवी होती.

ओहोटी लागली होती. दूर पाण्यात फ्लेमिंगो उभे होते. त्यांच्याकडे पाठ करून शेजारी विजार दुमडून चिखलात उतरले. "अवो, पायाला लागतायत! नुसत्या तिसऱ्या!"

"भाऊ, इथून शिंपलाही उचलायचा नसतो."

"मी कुठे उचलतोय? त्याच येतायत."

पिशवी अर्धी भरली तेव्हा रखवालदार आला. "चाचा, यहाँ से कुछ नहीं ले जाने का. ये परिंदों का खाना है."

शेजाऱ्यांनी गाडीत बसलेल्या भाभींकडे पाहिलं. मग ते गुडघ्यांवर बसले आणि एकेक तिसरी चिखलात नीट दाबून ठेवू लागले. रखवालदारालाही बसवलं. "आडवी नको, उभी."

गाडी निघाल्यावर भाभींनी विचारलं, "सगळ्या सोडल्यात?"

"सगळ्या."

"केवढ्या होत्या?"

त्यांनी अंगठा दाखवला.

"खोटं नका बोलू."

"अल्लाची शपथ! भरलेल्या."

"मग कांदा जास्त लागला असता."

"आणि खोबरं भाजून."

"भाजून? तिसऱ्यांत? तुमच्या अम्मीने तुमची जीभ पार बिघडवलीय."

सलवा येईपर्यंत दोघांनी भांडत भांडत अख्खं कालवण शिजवलं. जिना चढताना भाभी म्हणाल्या, "भात टाका. भूक लागली."

थोड्या वेळाने मी त्यांच्याकडे डोकावलो. भाभी वरणभात जेवत होत्या. दुसऱ्यांदा वाढून घेतलेला. शेजारी स्वयंपाकघरात आमच्याकडे पाठ करून पातेलं घासत होते. ते केव्हाच स्वच्छ झालं होतं. नळ मात्र त्यांनी बराच वेळ बंद केला नाही.