रेडिओचा काटा

रेडिओच्या इतिहासाचा अभ्यास करायला घेतल्यापासून मी आमच्या जिल्ह्यातल्या गोरेगावच्या एका म्हाताऱ्या श्रोत्याकडे जातो. कुठल्यातरी दूरच्या केंद्राच्या बातम्या ते अजूनही रेडिओला कान चिकटवून ऐकतात, इतक्या बारीक आवाजात. दार वाजलं की आधी काटा फिरवतात, गाणी मोठ्यानं लावतात, मगच कडी काढतात. परवा दारात शेजारीण होती, ताक घेऊन.

ती गेल्यावर मी विचारलं, "काका, तिच्यासाठी काऊन बदलवलं?"

"आपण काय आयकून रायलो, ते लोकायले कायले कळू द्याचं?"

कोणाला भितात, ते त्यांनी कधी सांगितलं नाही.

काल घरी मी मोबाइलवर त्यांच्याच मुलाखतीचं रेकॉर्डिंग ऐकत होतो. बेल वाजली. मी दार उघडलं तेव्हा माझ्या मोबाइलवर मोठ्यानं गाणं वाजत होतं.